मुलगी लसीत असते

पुतणीचं लग्न जमवायचं म्हणून मला संसर्गजन्य रोगांचं इंग्रजी शिकावं लागलं. मुलीकडच्यांनी काय काय करावं याची आपल्याकडे लांबलचक यादी आहे. त्यात हे कुठेच नाही. पण भाऊ दुबईला, आणि वहिनी ‘तुम्ही पुण्यातले, तुम्हीच बघा भाऊजी’ म्हणून मोकळी. पुतणी आमच्याकडे राहून एका लस बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला जाते. स्थळ सांगून आलं की पहिला प्रश्न पत्रिकेचा आणि दुसरा ठरलेला : मुलगी काय करते?

आधीच्या पिढीतल्या मुली या बाबतीत सोप्या होत्या. बँकेत असायच्या, शाळेत असायच्या, टेलिफोनमध्ये असायच्या. म्हणून सुरुवातीला मीही ‘मुलगी लसीत असते’ असं सांगून पाहिलं. पलीकडच्या बाई काळजीच्या सुरात म्हणाल्या, “अगं बाई, कधीपासून?”

मग पुतणीने मला तिच्या कामाचा खरा शब्द दिला : फार्माकोव्हिजिलन्स. तो मी कागदावर लिहून फोनशेजारी ठेवला आणि पुढच्या स्थळाला वाचून दाखवला. हे गृहस्थ सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना त्यातलं फक्त ‘व्हिजिलन्स’ ऐकू आलं असावं. कारण क्षणभर थांबून ते म्हणाले, “हे बघा, माझी चौकशी केव्हाच बंद झालीय. कागद आहेत माझ्याकडे.” आणि फोन ठेवला.

माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. त्या पुस्तकांत कुणी आजारी पडत नसे. पडलाच तर एक दिवसाच्या रजेच्या अर्जापुरता, आणि तोही तापाने. बाकीचे रोग आम्हाला साथींनी शिकवले. १९९४ साली सुरतेत प्लेग आला तेव्हा टेट्रासायक्लीन हा शब्द आधी पाठ झाला आणि मग औषधांच्या दुकानांतून ते औषध संपलं. २००९ साली स्वाइन फ्लूने पुण्यातल्या शाळा बंद केल्या आणि एन-९५ व टॅमिफ्लू हे दोन शब्द देऊन गेला. मधे २००६ साली चिकुनगुन्या. त्यातलं ‘चिकन’ तेवढं ऐकून आमच्या आळीने कोंबडी सोडली. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू येऊन गेलेला, त्यामुळे कोंबडीचं नाव आधीच खराब होतं. तिची बाजू कुणी ऐकलीच नाही. डास मात्र प्रतिष्ठित नागरिकासारखे मोकळे फिरत राहिले. पुढे कळलं की तो शब्द टांझानियातल्या माकोंदे भाषेतला. सांधे धरून माणूस वाकडा होतो, त्यावरून पडलेला. म्हणजे त्यात कोंबडीही नव्हती आणि इंग्रजीही.

पण खरं उच्च शिक्षण झालं ते कोरोनात. आमची आत्या चौथी पास. तिने आयुष्यभर फ्रिजला ‘फ्रीझर’ आणि फ्रीझरला ‘वरचं बर्फाचं’ म्हटलं. तीच आत्या २०२० च्या पावसाळ्यात बोटाला चिमटा लावून ‘सॅचुरेशन सत्त्याण्णव’ असं इतकं स्वच्छ म्हणायला लागली की आम्ही थक्क झालो. क्वारंटाईन, कंटेनमेंट झोन, असिम्प्टोमॅटिक, डी-डायमर... सोसायटीच्या जिन्यात दोन माणसं तोंड बांधून भेटली की एमडीची तोंडी परीक्षा चालल्यासारखं वाटे. त्यात दोन सीटी होते. एक चाचणीतली सीटी व्हॅल्यू, ती कमी आली की विषाणू जास्त. दुसरा छातीच्या स्कॅनचा स्कोर, पंचवीसपैकी. तो जास्त आला की फुप्फुसं जास्त धरलेली. एकात कमी वाईट, दुसऱ्यात जास्त वाईट. हा घोळ आमच्या सेक्रेटरींनी शेवटपर्यंत सोडवला नाही. ते दोन्हींची बेरीज करत.

तर या ज्ञानाच्या बळावर आपल्याला पुतणीचं काम चुटकीसरशी समजेल असं मला वाटत होतं. पुतणी म्हणाली, “काका, तुमचे शब्द सगळे पेशंटचे आहेत. माझं काम पेशंट होऊ नये याचं आहे. तिथले शब्द वेगळे.” आणि रात्रीच्या जेवणानंतर आमची शिकवणी सुरू झाली. ओटा आवरून बायको यायची. आत्या जपमाळ घेऊन बसायची. माळ चालू आहे की थांबली, यावरून विषय किती रंगला ते मला कळायचं.

सुरुवात अर्थात जेन्नरपासून. १७९६ साली इंग्लंडातल्या या डॉक्टरने गवळणीच्या हातावरच्या गोस्तनदेवीच्या फोडातला द्रव काढून माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला टोचला, आणि काही आठवड्यांनी त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचून पाहिला. मुलाला देवी आल्या नाहीत. “आज असं कुणी केलं,” पुतणी म्हणाली, “तर जेन्नर, कंपनी आणि आम्ही कागद ठेवणारे, सगळे आत.” गायीसाठी लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून व्हॅक्सिन आलं, हे कळल्यावर आत्याने माळ कपाळाला लावली. विलायतेत मात्र लोक बिथरले होते. १८०२ साली गिलरे नावाच्या व्यंगचित्रकाराने लस घेतलेल्या माणसांच्या नाकातून, कानांतून, दंडांतून छोट्या छोट्या गायी बाहेर पडताहेत असं चित्र काढलं. कोरोनाच्या लसीतून शरीरात चिप जाते, असं सांगणारा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तो त्याच घराण्यातला. फक्त गायींची चित्रकला जास्त चांगली होती.

गंमत म्हणजे त्याच १८०२ साली जून महिन्यात ही लस मुंबईला पोचली. फ्रिज नव्हते. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा पल्ला लस गाठत आली, त्यातला बराचसा एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, आणि मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्या फोडातून पुढे इतरांना. ‘कोल्ड चेन’ हा शब्द शिकवताना पुतणीने ही माणसांची साखळी सांगितली. आता बहुतेक लसी दोन ते आठ अंश तापमानात कारखान्यापासून खेड्यातल्या केंद्रापर्यंत न्याव्या लागतात. आत्या आपल्या दंडावरचे वण चाचपत म्हणाली, “आमच्याकडे देवी टोचणारा यायचा. चक्री होती त्याच्याकडे, दाबून फिरवायचा मेला. आम्ही कणगीत लपायचो.”

नंतर आले टप्पे. पहिल्या टप्प्यात मोजकी निरोगी माणसं, लस सोसते का ते पाहायचं. दुसऱ्यात काही शे, डोस ठरवायचा. तिसऱ्यात हजारो माणसं. अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नुसतंच मिठाचं पाणी, त्याला म्हणायचं प्लासिबो. कुणाला काय दिलं ते टोचून घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. मिठाचं पाणी टोचून घेतलेल्यांपैकीही कितीतरी जण दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलंय म्हणतात, हे ऐकून बायकोने माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. ज्यांचं नाव परळच्या संस्थेला आहे त्या हाफकिनसाहेबांनी मात्र टप्पे आपल्या पद्धतीने उरकले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. झाला पहिला टप्पा. मग त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातले तयार झालेले कैदी. “सह्या घेतल्या होत्या का त्यांच्या?” आत्याने विचारलं. पुतणी चमकून म्हणाली, “आत्याआजी, तुम्ही आमच्या एथिक्स कमिटीत या.”

“आणि तुझा टप्पा कुठला?” मी विचारलं.

“चौथा. लस बाजारात आल्यानंतर लक्ष ठेवायचं. तो कधी संपत नाही.”

मी लगेच वहीत लिहून घेतलं : नोकरी कायमची.

त्या लक्ष ठेवण्यातला मुख्य शब्द म्हणजे ॲडव्हर्स इव्हेंट. माझ्या मते सगळ्या इंग्रजी भाषेत इतका निःपक्षपाती शब्द दुसरा नाही. लस घेतल्यानंतर माणसाला जे जे काही वाईट होईल, ते सगळं त्यात येतं. कशामुळे झालं ते नंतर. समजा चाचणीतला एक स्वयंसेवक लस घेऊन तीन आठवड्यांनी स्कूटरसकट खड्ड्यात गेला, पाय मोडला, भरती झाला. लगेच ‘सीरियस ॲडव्हर्स इव्हेंट’. डॉक्टरने चोवीस तासांत कळवायचं. मग जाणकार बसून ठरवणार की हे लसीमुळे, की खड्ड्यामुळे. पुण्यातल्या खड्ड्याची दखल चोवीस तासांत घेतली जाण्याचा एवढा एकच मार्ग आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

“म्हणजे,” बायको म्हणाली, “लग्नानंतर ह्यांचे केस गेले, तो ॲडव्हर्स इव्हेंट?”

“हो काकू. पण लग्नामुळेच गेले असं दिसलं, तरच ॲडव्हर्स रिॲक्शन.”

“छे, माझा काय संबंध! मामंजींनाही टक्कलच होतं.”

“त्याला बॅकग्राउंड रेट म्हणतात,” पुतणी गंभीरपणे म्हणाली. “लग्न केलं नसतं तरी गेलेच असते, ते.”

सगळ्यात जास्त रात्री गेल्या त्या एफिकसीवर. कारण शब्दापाठोपाठ टक्के येतात, आणि टक्के म्हटले की मराठी माणसाला दहावीचा निकाल दिसतो. एका अमेरिकन लसीला पंचाण्णव टक्के मिळाले असं पेपरात आलं तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी ‘बोर्डात आली’ असा मेसेज टाकला होता. पुण्यात बनणारी सत्तरच्या आसपास अडकली, तेव्हा त्यांनी ‘फर्स्ट क्लास आहे पण सायन्सला प्रवेश कठीण’ अशा चेहऱ्याने महिनाभर घेतलीच नाही. पुतणीने एका रात्री त्या पंचाण्णवचा हिशेब मांडून दाखवला. चाचणीत त्रेचाळीस हजारांवर माणसं, निम्म्यांना लस, निम्म्यांना मिठाचं पाणी. त्यांतले एकशे सत्तर जण आजारी पडले. पाणीवाले एकशे बासष्ट, लसवाले आठ. एकशे बासष्टच्या जागी आठच, म्हणून पंचाण्णव टक्के. म्हणजे लस घेतलेल्या शंभरांतल्या पाच जणांना रोग होणारच, असा अर्थ नाही. लस न घेता जितके पडले असते त्यांतले पंचाण्णव टक्के वाचले, असा. अमेरिकेच्या औषध नियामकांनी तर किमान पन्नास टक्के मागितले होते. “पन्नास?” मी म्हटलं, “आपल्याकडे पस्तिसाला पास करतात.” बाहेरच्या जगात, म्हणजे चाचणी सोडून खऱ्या गर्दीत, लस कितपत उपयोगी पडते त्याला वेगळा शब्द आहे, इफेक्टिव्हनेस. हे दोन शब्द मी आजही एका दमात न चुकता म्हणतो आणि समोरचा दबतो.

मधेच एका रात्री तिने गालगुंडाच्या लसीची हकीकत सांगितली. १९६३ साली अमेरिकेतल्या मॉरिस हिलमन या शास्त्रज्ञाच्या लेकीला गालगुंड झाली. बापाने रात्री तिच्या घशातून नमुना घेतला, प्रयोगशाळेत नेऊन ठेवला, आणि त्यातूनच लस तयार केली. त्या विषाणूच्या वाणाला आजही मुलीचंच नाव आहे, जेरील लिन. आत्या म्हणाली, “नाहीतर आमचे अण्णा. मला गालगुंड झाली तर लेप लावला आणि घरभर ‘हनुमान आला’ म्हणून हसले.”

इतकी तयारी झाल्यावर नागपूरचं स्थळ आलं. मुलगा पंपांच्या कंपनीत हिशेब पाहणारा. मंडळी घरी आली, पोहे झाले, आणि मी ‘मुलगी काय करते’ या प्रश्नाची वाट पाहत तयार बसलो. तो आलाच नाही. मुलाच्या वडिलांना तिच्या खात्यातलं बरंच ठाऊक होतं. उलट आत्यानेच पुढे सरसावून विचारलं, “मुलाला कोमॉर्बिडिटी काही?” मुलाची आई जराही न अडखळता म्हणाली, “नाही हो आजी, बूस्टरसकट झालेलं आहे त्याचं.”

मुलाचे वडील पुतणीकडे वळले. “मले एक सांग बाई, हे इबोला, निपा, झिका, हे नावं कोण ठेवते?”

पुतणी खुलली. इबोला ही नदी, निपा हे मलेशियातलं गाव, झिका हे युगांडातलं जंगल, हे तिने सांगितलं. गावांची बदनामी नको म्हणून २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना जागेचं, माणसाचं, प्राण्याचं नाव देऊ नका असं बजावलं. म्हणून तर कोरोनाच्या अवतारांना अल्फा, डेल्टा आणि शेवटी ओमिक्रॉन. “पण तुमच्याकडचं एक नाव आधीच लागून गेलंय,” ती म्हणाली. “नागपूरजवळचं चंडीपुरा. १९६५ साली तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू केंद्राला नवीन विषाणू सापडला. जगभर त्याला चंडीपुरा म्हणतात.”

“काय सांगतं!” वडील खुर्चीच्या काठावर आले. कसनुसं वाटण्याऐवजी त्यांची छाती फुगलेली मला स्पष्ट दिसली. “आमच्याकडचा? अन् सापडला तुमच्या पुण्यात?”

“हो. वाळूमाशी चावून होतो. वाईट आहे, लहान मुलांच्या मेंदूपर्यंत जातो.”

“मग लस कोणती त्याच्यावर?”

“अजून नाही निघाली.”

त्यांनी आळीपाळीने तिच्याकडे आणि आपल्या मुलाकडे पाहिलं. “विषाणू आमचा, लसवाली तुमची,” ते म्हणाले. “मग दोघं मिळून काढा न!”

पंपांचे हिशेब पाहणाऱ्या मुलाने लगेच मान डोलावली.