क्लॅरोनेटच्या गळ्यातली ठुशी

बँडवाले ज्याला क्लॅरोनेट म्हणतात ते दोन फुटांहून थोडंसं लांब वाद्य पाच तुकड्यांत सुटतं, आणि वाद्याचा प्रत्येक सांधा म्हणजे दुकानदाराची एक संधी. तोंडात धरायच्या माऊथपीसखाली बॅरल नावाची साधारण 66 मिलिमीटरची नळी येते. ती नेमकी गळ्याशी असल्यामुळे हौशी लोक तिच्यावर ठुशीसारखा खर्च करतात. खाली भोंगा, वर रीड आवळून धरणारा सोन्याचा मुलामा दिलेला पट्टा. माझं म्हणणं एवढंच, की हा खर्च तोंडापासून जितका लांब जातो तितका तो दागिन्यांच्या खात्यात टाकावा. परळच्या कारखान्यात मूर्तीत जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीने, मुकुट मागाहून चढतो. क्लॅरोनेटचे डोळे म्हणजे रीड. बोरूच्याच जातकुळीतल्या गवताची ती पातळ पट्टी टोकाला केसभर तासली तरी सूर बदलतो. सोनेरी पट्ट्याचं म्हणाल, तर जर्मन वादक अजूनही तिथे दोरा गुंडाळतात. भोंगा तर फक्त अगदी खालच्या दोनचार सुरांच्या कामाचा. बाकीचे सूर वरच्याच उघड्या भोकांतून निसटतात, लालबागच्या गर्दीत शहाणा माणूस पहिल्याच बोळात वळतो तसे.

यावर लाकडाचा मुद्दा हमखास निघतो. उंची क्लॅरोनेट आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाचं असतं आणि ते झाड आपल्या शिसवाचं चुलत भावंड, तेव्हा घराण्याबद्दल शंका नाही. पण जॉन बॅकस या भौतिकशास्त्रज्ञाने 1964 मध्ये मोजमाप करून दाखवलं, की नळीच्या भिंतीच्या थरथरीचा आवाजावर जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. आतली पोकळी तंतोतंत तशीच ठेवली, तर एबोनाइटही तेच गातं. वादक म्हणतो, मला फरक जाणवतो. जाणवतही असेल, कारण त्याचे वरचे दात माऊथपीसवर टेकलेले असतात आणि नाद थेट कवटीत शिरतो. श्रोत्यांच्या दातांची अशी सोय कुठल्याच नाट्यगृहात नाही.

मग बॅरल बदलणं निव्वळ खूळ? तसंही नाही, आणि इथे मुंबईची हवा हौशी मंडळींच्या मदतीला येते. हवा एक अंशाने तापली, की फुंकवाद्याचा सूर सुमारे तीन सेंट चढतो. 22 अंशांच्या वातानुकूलित दालनातून 32 अंशांच्या रस्त्यावर आलं, तर हिशेबाने तीस सेंट, म्हणजे अर्ध्या सुराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. श्वासाची ऊब आधीच नळीत असते, त्यामुळे प्रत्यक्षात काहीसं कमी. गिरगाव चौपाटीकडे निघालेल्या मिरवणुकीत सगळी पितळी वाद्यं एकत्रच चढतात, शिवाय ताशापुढे सेंट मोजतो कोण! पंचाईत होते दादरच्या एखाद्या बैठकीत, पंखा बंद पडल्यावर. शेजारच्या पेटीच्या पितळी पट्ट्या उकाड्याने चढत नाहीत, त्या जागच्या जागी बसून क्लॅरोनेटला बेसूर ठरवतात. तेव्हा लांब बॅरल खरोखर उपयोगी. फक्त उपयोग लांबीचा, लाकडाचा नव्हे. आहे तीच बॅरल ओढून लांबवता येते, पण जास्त ओढली की आत फट पडते आणि काही सूर वेडेवाकडे उतरतात. त्या फटीत बसवायची चकतीही मिळते, साधी प्लास्टिकची. ती शिसवाची मिळेल का, असं मात्र कुणी दुकानात विचारू नये, उद्या मिळू लागेल.