बोटीवर रुमाल टाकण्याची शास्त्रोक्त पद्धत

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. 1 मे 1999 रोजी परभणीतून जिल्हा वेगळा निघाला तेव्हा औंढ्याचा नागनाथ, नामदेवांचं नर्सी, सिद्धेश्वर धरण आणि वसमतची हळद एवढं आपल्या वाट्याला आलं. समुद्राचा विषय बैठकीत निघालाच नसावा. त्यामुळे क्रूझच्या बोटीवर पहिल्या दिवशी कसं वागावं याबद्दल तालुका पातळीवर कसलंही मार्गदर्शन उपलब्ध नाही. ही उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत लेखन. यातले बहुतेक सिद्धांत आमच्या दाजींनी स्वतः प्रयोग करून मांडलेले आहेत. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. भाच्यानं मुंबई-गोवा बोटीची तिकिटं काढली आणि आम्हालाही ओढलं, तेव्हा दाजींनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "मधी थांबे किती?"

नियम पहिला, मुहूर्ताचा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हा बेत करू नये. फेब्रुवारी-मार्चात हळद शिजवायची, वाळवायची गडबड, तेव्हा दाजी हलत नाहीत. उरला दिवाळी ते संक्रांत. समुद्रही तेव्हा बरा असतो.

नियम दुसरा. बोट ज्या दिवशी सुटते त्या दिवशी हिंगोलीहून निघू नये. जनशताब्दी पहाटे सुटते खरी, पण वसमत, पूर्णा, परभणी, जालना, मनमाड करत मुंबईत पोचेपर्यंत दुपार कलते. बोट संध्याकाळी सुटत असली तरी तिची दारं त्याच्या बऱ्याच आधी बंद होतात, आणि तिथं "ओ, थांबा थांबा" म्हणत मागं पळून उपयोग नसतो. आदल्या दिवशी जा. सीएसएमटीपासून बोट सुटते ते बॅलार्ड पिअर जवळ आहे. टॅक्सीवाला लांब आहे म्हणाला तर उतरून दुसरी पकडा.

नियम तिसरा शिदोरीचा. बोटीवर घरचं शिजवलेलं अन्न नेऊ देत नाहीत. हे दाजींना तीन पिढ्यांनी मिळून समजावलं. तरी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा असा डबा निघालाच. अशा वेळी वेळापत्रक पाळावं: दशम्या मनमाडच्या आत, धपाटे कसाऱ्याच्या घाटात, आणि उरलेला ठेचा मुंबईतल्या नातेवाइकाच्या स्वाधीन. इस्त्री आणि पाणी तापवायची किटलीही नेऊ नये. आग लागायची भीती असते म्हणून तपासणीत काढून ठेवतात. ताईची इस्त्री काढून ठेवली तेव्हा दाजींच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते निवृत्तीच्या समारंभातही नव्हतं.

आता जे खरंच कामाचं आहे ते सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. मोठ्या बॅगा बंदरातच चिठ्ठी लावून ताब्यात घेतात आणि खोलीपर्यंत यायला त्यांना कित्येक तास लागतात. म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, आधार कार्ड, चार्जर आणि पोहायचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. बाकीचे लोक बॅगेची वाट बघत खोलीच्या दाराशी बसतात, तेव्हा तलाव रिकामा असतो. दाजींना पोहता उत्तम येतं, पूर्णेच्या पाण्यात शिकलेत. पण पोहायच्या कपड्यांबाबत बोटीचे नियम आणि दाजींचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा यांचं काही जमलं नाही.

नियम पाचवा, ज्यावरून या लेखाला नाव दिलं. (चौथा वर होऊन गेला.) एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं ही आपली शंभर टक्के देशी पद्धत, असा समज आहे. तो चुकीचा आहे. जगभरच्या क्रूझवर लोक सकाळी उठून तलावाकाठच्या खुर्चीवर टॉवेल टाकतात आणि नाष्ट्याला निघून जातात. युरोपातले प्रवासी एकमेकांच्या देशाला यावरून नावं ठेवतात. दाजींनी हे पाहिलं आणि त्यांना आपल्या माणसांत आल्यासारखं झालं. पण त्यांनी त्यात शिस्त आणली. रुमालावर वजन हवं, नाहीतर समुद्राचा वारा तो थेट रत्नागिरीला नेतो. वजन म्हणून चप्पल ठेवू नये, चप्पल जाते. पाण्याची बाटली ठेवावी. अनेक बोटींवर अर्धा-पाऊण तास खुर्ची रिकामी दिसली की कर्मचारी टॉवेल उचलून नेतात, म्हणून घरातला एक माणूस पाळीनं तिथं फिरता ठेवावा. आमच्यात तो माणूस मी होतो. सगळी दुपार मी चार खुर्च्या राखल्या आणि त्यावर कोणीही बसलं नाही, कारण दाजी पाचवी खुर्ची शोधायला गेले होते.

बाजू कोणती धरावी? इथं मात्र दाजींचं एसटीतलं ज्ञान उलटं पडलं. कंडक्टर माणूस सावलीची बाजू धरतो. बोट संध्याकाळी दक्षिणेला निघते, म्हणजे ऊन उजवीकडून, म्हणून दाजींनी सगळ्यांना डावीकडं नेऊन बसवलं. गेटवे, कुलाबा, प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ आणि त्यामागं बुडणारा सूर्य, हे सगळं उजवीकडं. आम्ही डावीकडून उरणच्या बाजूच्या तेलाच्या टाक्या पाहिल्या. तुम्ही उजवीकडं उभे राहा. चटका दहा मिनिटांचा असतो.

पुढचा नियम मी हसत लिहिणार नाही. बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या संकटकाळाची कवायत होते, तिला जायचंच. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की आपल्या कार्डावर लिहिलेल्या ठिकाणी जमायचं, लिफ्टनं नव्हे, जिन्यानं. काही बोटींवर आता चित्रफीत पाहून नुसती हजेरी लावतात. तरी आपली जागा पायी जाऊन बघून या. इटलीच्या किनाऱ्याशी 13 जानेवारी 2012 च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती. 32 माणसं गेली. त्यानंतर जगभर नियम कडक झाला. आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधी, 17 जुलै 1947 ला, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ भर पावसात उलटली आणि सहाशेंहून जास्त माणसं बुडाली. बॅलार्ड पिअरवरून निघालेली बोट त्याच पाण्यातून बाहेर पडते.

कवायतीला तरुण मंडळी फोटो काढत होती. दाजी मात्र ताठ उभे. एक घंटी थांबायला, दोन घंट्या निघायला, यावर नोकरी काढलेला माणूस. भोंग्यांचा अर्थ त्यांनी एकदाच ऐकला आणि पाठ केला. मग न राहवून त्यांनी तो जुना आवाज लावला, "दार सोडा, पुढं सरका, मागच्याला जागा द्या!" सगळी रांग सरकली. सूचना देणाऱ्या पोरीनं त्यांना हसून नमस्कार केला. मला त्या क्षणी दाजींचा अभिमान वाटला, हे ताईला सांगू नका.

नियम, बहुधा सातवा: बोट लागण्याचा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची, पण मळमळ सुरू व्हायच्या आधी. नंतर घेतली तर ती पोटात राहत नाही. खोली निवडता आली तर बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथं हेलकावा सगळ्यात कमी. चक्कर आली तर मोबाइल खिशात, नजर क्षितिजावर. भाच्यानं सांगून पाहिलं की औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा उभी राहते आहे, तिथं अणूच्या गाभ्याहून बारीक हालचाल मोजणार, तेव्हा लहरींना आपण घाबरायचं नसतं. दाजी म्हणाले, "ते मोजतेत, त्यांना त्याच्यात बसावं लागत नाही."

मोबाइलचं एका ओळीत: किनारा दिसतोय तोवर सगळे फोटो गावाकडं धाडा आणि मग फोन विमान मोडवर टाका, नाहीतर बोटीचं नेटवर्क पकडलं की बिल घरी आल्यावर कळतं.

जेवणाबद्दल दाजींचा सिद्धांत असा की तिकिटाचा पैसा पहिल्या दिवशीच ताटातून वसूल करावा, दुसऱ्या दिवसाचा भरवसा नाही. मुंबईहून 2021 पासून फिरणारी ‘एम्प्रेस’ ही बोटच घ्या. 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेली, दोनशे मीटरहून लांब, म्हणजे दाजींच्या हिशेबानं एकामागं एक एकोणीस एसटी. एवढ्या बोटीवरचे सगळे प्रवासी चढल्या चढल्या एकाच बुफेकडं धावतात. अनुभवी माणूस त्या वेळी बसल्या जागी वाढणाऱ्या भोजनगृहाची चौकशी करतो, रात्रीच्या कार्यक्रमाची जागा धरतो आणि अर्ध्या तासानं गर्दी ओसरल्यावर शांतपणे जेवतो. दाजींनी हे ऐकून घेतलं आणि बुफेच्या रांगेत पहिले उभे राहिले. भाकरी नव्हती. वरण पिवळंधमक होतं. त्यांनी वाढणाऱ्याला विचारलं, हळद सांगलीची की वसमतची? त्याला माहीत नव्हतं. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही माहिती दाजींनी मागच्या रांगेच्या खर्चानं त्याला पुरवली.

वाढणारा पोरगा गोव्याचा निघाला. घरात पिढ्यान् पिढ्या बोटीवरची नोकरी. दाजींनी त्याची चौकशी सुरू केली: ड्युटी किती तासांची, सुटी कशी देतात, झोपायची सोय कुठं. एका करारावर महिनोन् महिने घर दिसत नाही म्हटल्यावर दाजी चमचा खाली ठेवून म्हणाले, "मंग ही मुक्कामी गाडीच झाली की, बाबा." त्यानंतर प्रवासभर त्या पोरानं आमच्या टेबलावर लिंबाची फोड न मागता आणून ठेवली. बोटीवरच्या माणसांशी बोलावं, हा खरं तर नियम पहिला असायला हवा होता. पण क्रम आता कोण बदलतो.

रात्रीचा नियम: झोपावं. दाजी झोपले नाहीत. रात्रीच्या गाडीत ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून त्याच्याशी बोलत बसायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. ते थेट कप्तानाच्या कक्षाकडं निघाले. प्रवाशांना तिथं सोडत नाहीत, असं त्यांना अदबीनं सांगण्यात आलं. मग ते पुढच्या डेकवर खुर्ची टाकून पहारा देत बसले. ताईनं मला उठवून पाठवलं. मी म्हणालो, दाजी, अंधारात तिथं अधिकाऱ्याबरोबर नजर ठेवायला आणखी एक माणूस ठेवावाच लागतो, आंतरराष्ट्रीय नियमच आहे.

"दोघं असतेत?"

"हो."

"दोघंबी जागे?"

मी छातीठोकपणे हो म्हणालो. ते उठले, खोलीत गेले, आणि सहा वाजता माझ्या दारावर थाप पडली. "पाहुणे, उठा. नाष्ट्याला गर्दी व्हायच्या आत रुमाल टाकून या."