फुकट ड्रम किट जमवण्याची शास्त्रोक्त पद्धत

हिपहॉपचा बीट करायचा असेल तर पहिला नियम असा की बीट करायला बसायचं नाही. आधी किट, म्हणजे ड्रमच्या आवाजांचे संच, जमवायचे. ‘फ्री ड्रम किट’ एवढंच शोधा, रात्र सत्कारणी लागते. ज्याच्यावर कवटी किंवा ज्वाळा नाहीत अशा किटला हात लावू नये. दाता ईमेल मागेल, तो निःशंक द्यावा. पुढे तो न चुकता तुमची विचारपूस करील, पन्नास टक्के सवलतीसकट.

झिप उघडली की किक, स्नेअर, क्लॅप, हायहॅट आणि ‘८०८’ नावाचा जाडजूड फोल्डर. त्यात ‘८०८ हार्ड’, ‘८०८ हार्ड फायनल’ आणि ‘८०८ हार्ड फायनल खरंच’. तिन्ही लावून बघा. आवाज एकच, तिसरा जरा मोठ्याने. याला सर्जनशीलता म्हणतात.

मूळ ८०८ म्हणजे रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन. १९८० साली आलं, १९८३ साली बंद झालं. नग निघाले साधारण बारा हजार. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली, जुन्या बाजारात ते स्वस्त झालं आणि म्हणूनच हिपहॉपवाल्यांच्या हाती लागलं. त्यात रेकॉर्ड केलेला एकही आवाज नव्हता. सगळे सर्किटमधून तिथल्या तिथे तयार व्हायचे. तुमच्या फोल्डरमध्ये आहे ती त्याच्या नकलेची नक्कल, पण तीच ‘ओरिजिनल’ म्हणून मिरवावी.

आता ८०८ला, म्हणजे त्या लांब घुमणाऱ्या किकला, सूर असतो. गाणं काळी चारमध्ये आणि ८०८ पांढरी पाचमध्ये असेल तर ऐकणाऱ्याचे दात शिवशिवतात. तरीही सूर जुळवत बसू नये. ‘डार्क वाइब’ आहे म्हणावं. काही किकच्या सुरुवातीला किंचित शांतता राहिलेली असते, त्यामुळे ठोका मागे पडतो. कापायला गेलात तर अर्ध्या मिनिटाचं काम. नाही कापलंत तर ‘फील’.

किटसोबत परवान्याची टेक्स्ट फाइल असते. ती उघडण्याची प्रथा नाही. उघडलीत तर ‘व्यावसायिक वापर नाही’ असं वाचावं लागेल आणि झोप उडेल. जुन्या रेकॉर्डींवरून उचललेले तुकडे तर परवान्याविनाच फिरतात. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९मधल्या ‘अमेन, ब्रदर’मध्ये जी. सी. कोलमनने वाजवलेले ड्रमचे सहा-सात सेकंद हजारो गाण्यांत गेले. कोलमन २००६ साली वारला, रॉयल्टी शून्य. कायद्याची बाजू ऐकायची असेल तर रॅपर बिझ मार्कीचं उदाहरण घ्या. त्याने गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरला. १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या चोरीविरुद्धच्या आज्ञेने केली. (ती टेक्स्ट फाइल याहून सोप्या भाषेत असते.)

हार्ड डिस्क भरली की दुसरी घ्यावी. ‘फुकट’ किटांसाठी होणारा हा खर्च हिशेबात धरत नाहीत.

इतकं करूनही एखाद्याला बीट करण्याची दुर्बुद्धी झालीच, तर त्याने परवाना वाचून एक किक, एक स्नेअर, एक हायहॅट आणि सुरात लावलेला एक ८०८ ठेवावा. बाकी पुसून टाकावं. १९८७च्या एसपी-१२०० या यंत्रात सगळे आवाज मिळून जेमतेम दहा सेकंद मावत. हिपहॉप निर्माता पीट रॉकने त्याच्यावरच बीट केले.