सरकारी खर्चाने रत्नागिरी

इंग्रजांनी रत्नागिरीला काय दिलं, असं विचारलं की शाळा, कोर्ट, तुरुंग अशी नेहमीची यादी सुरू होते. खरी देणगी वेगळीच आहे. साहेबाला एखादा माणूस डोळ्यांसमोर नकोसा झाला की तो त्याला रत्नागिरीला धाडी. माणूस मुळात रत्नागिरीचाच निघाला तर त्याला आणखी कुठेतरी धाडी. जाण्याचा खर्च सरकारचा, मुक्कामाची सोय सरकारची, परतीच्या तिकिटाचं मात्र नाव काढायचं नाही. एवढ्या जोरात चाललेली यात्रा कंपनी त्या काळात दुसरी नसावी. पाहुण्याला फिरवायची रत्नागिरी शहरातली निम्मी स्थळं या कंपनीच्या कृपेने झाली आहेत. आणि जिथे राहणं ही शिक्षा होती, तिथे समुद्र दिसणारी खोली मिळावी म्हणून लोक आता मे महिन्यासाठी मार्चमध्येच पैसे भरून ठेवतात.

अशाच एका मे महिन्यात पुण्याचे एक भावोजी सहकुटुंब सासुरवाडीला उतरले. आदल्या वर्षी ते थोरल्या मुलीकडे इंग्लंडला जाऊन आले होते, आणि तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य ‘तिकडे’ या शब्दाने सुरू होई. तिकडे म्हणे गाव केवढंसं असलं तरी वेशीपाशीच तपकिरी पाटी असते: किल्ला इकडे, बाग पलीकडे, संग्रहालय सरळ पुढे. यॉर्कला तेच, बाथला तेच. आंबा घाट उतरून हातखंब्यापर्यंत येताना त्यांना अशी एकही पाटी दिसली नव्हती. दिसल्या त्या सगळ्या ‘काम चालू आहे’च्या.

“बरं, तुमच्याकडे बघण्यासारखं काय काय आहे?” चहाचा पहिला घोट घेत त्यांनी मेव्हण्याला विचारलं.

मेव्हणा गडबडला. रत्नागिरीकराला आपल्या गावातली स्थळं ठाऊक असतात ती पत्ता सांगण्यापुरती. टिळकांचं घर मागे टाकलं की पीठगिरणी, थिबा पॅलेसच्या अलीकडे पंक्चरवाला. आत काय आहे ते शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं, आणि सहलीतलं पुढे आठवतं ते फक्त डब्यातलं. “आहे की पुष्कळ,” असं मोघम बोलून त्याने रात्री अंथरुणात मोबाइल उघडला आणि बारा वाजेपर्यंत स्वतःच्या गावाचा अभ्यास केला.

सकाळी टिळक आळी. घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू, कोकणात चार घरं असतात तसंच. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ते नीट राखलं आहे. 23 जुलै 1856 रोजी लोकमान्य इथे जन्मले. वडील गंगाधरपंत शाळाखात्यात. 1866 मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि बाळ दहाव्या वर्षी पुणेकर झाला. भावोजींनी कमरेवर हात ठेवून छताकडे पाहिलं, भिंतीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, “लहानच आहे, नाही?” टिळकांच्या पुण्यातल्या गायकवाड वाड्याच्या मापाने बघणाऱ्याला ते लहान वाटणारच. मग थोडं थांबून त्यांनी निकाल दिला, “जन्म इथला असेल, पण घडले ते पुण्यात.”

“होय तर,” मेव्हणा म्हणाला, “आंबासुद्धा इथेच धरतो, भावोजी. पुण्याला जाऊन फक्त महाग होतो.”

ताई मोठ्याने हसली. भावोजींनी मग हुकमाचं पान टाकलं. त्यांनी लंडनमध्ये टिळकांची पाटी पाहिली होती. थोर माणसं राहून गेलेल्या घरांवर तिथे निळ्या गोल पाट्या लावतात. मेडा व्हेलमधल्या हॉवली प्लेसच्या 10 नंबरच्या घरावर टिळकांच्या नावाची तशी पाटी आहे. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा चालवायला टिळक 1918 मध्ये लंडनला गेले होते. दावा हरले, खर्चाने कंबरडं मोडलं, पाटी तेवढी मागे राहिली. भावोजींनी पावसात छत्री धरून तिचे फोटो काढले होते आणि आतली बाई पडदा सारून त्यांच्याकडे संशयाने बघत होती. जन्मघर सासुरवाडीपासून चालत दहा मिनिटांवर, लग्नाला पंचवीसेक वर्षं झालेली, आणि जावईबापूंनी आधी गाठली ती लंडनची पाटी. हे गणित ताईने तिथल्या तिथे मांडून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी थिबा पॅलेस. इथे यात्रा कंपनीचा कारभार ऐन भरात दिसतो. 1858 मध्ये इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला उचलून रंगूनला नेलं. 1885 च्या नोव्हेंबरात ब्रह्मदेश जिंकला, तेव्हा तिथल्या राजाचं काय करायचं हा प्रश्न आला. आपला बादशहा त्यांच्याकडे ठेवलाच आहे, तर त्यांचा राजा आपल्याकडे, असा सरळ हिशोब झाला असावा. थिबाला आधी मद्रासला ठेवलं आणि 1886 च्या एप्रिलात रत्नागिरीला आणलं. राजा तेव्हा सत्तावीस वर्षांचा. बरोबर राणी सुपयालत आणि तीन मुली. तिसरी वाटेत मद्रासला जन्मलेली. चौथी पुढे रत्नागिरीत झाली.

मंडाले हे ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यातलं शहर. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. एप्रिलात आलेल्या राजाला आपली शिक्षा नेमकी काय आहे ते जूनमध्ये समजलं असेल.

राजासाठी राजवाडा बांधायचा ठरला. तो राहण्याजोगा झाला 1910 मध्ये, म्हणजे राजा येऊन चोवीस वर्षं लोटल्यावर. तोवर कुटुंब बंगल्यांत. हा आकडा ऐकून भावोजी प्रथमच विरघळले. सरकारी बांधकामाची आपली परंपरा थेट विलायतेतून आलेली आहे, याचा त्यांना येतानाच्या रस्त्यावरून ताजा अनुभव होता.

वास्तू मात्र देखणी. लाल रंगाचा डौल, वर उतरती छपरं, अर्धगोल खिडक्यांची कमानदार कोरीव तावदानं, ब्रह्मी सागाचं काम, मागे राजाची बुद्धमूर्ती. वरच्या मजल्यावरच्या सज्जात उभं राहिलं की झाडांच्या शेंड्यांवरून भाट्याची खाडी दिसते. भाची सज्जाच्या कठड्याला रेलून म्हणाली, “मामा, राजा इथे दिवसभर करायचा काय?”

“वाट बघायचा.”

“कशाची?”

“पेन्शनची.”

उत्तर थट्टेचं वाटलं तरी खोटं नव्हतं. सरकारचा तनखा राजाच्या इतमामाला कधी पुरला नाही. बरोबर आणलेली रत्नं एकेक करून विकली गेली, कर्ज झालं, आणि सावकारांशी राजाची ओळख प्रजेपेक्षा जास्त झाली.

थिबा नव्या राजवाड्यात राहायला गेला तो 1910 च्या नोव्हेंबरात. आणि ज्या हिवाळ्यात ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीत सामान लावत होता, त्याच हिवाळ्यात रत्नागिरीत जन्मलेले टिळक थिबाच्या मंडालेत, सहा वर्षांच्या शिक्षेवर, ‘गीतारहस्य’ लिहीत बसले होते. साहेबाच्या नकाशावर या दोन गावांमध्ये बहुधा एक रेघच ओढून ठेवलेली होती. कंपनीच्या व्यवस्थेत फरक मात्र पडला: टिळक 1914 मध्ये परत आले. थिबाने 1916 च्या डिसेंबरात रत्नागिरीतच डोळे मिटले. त्याचं थडगं शिवाजीनगरात आहे. 2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम वाट वाकडी करून तिथे येऊन गेले. रत्नागिरीतल्या पुष्कळ लोकांना आपल्या शेजारी राजा पुरलेला आहे हे त्या दिवशीच्या पोलीस बंदोबस्तावरून कळलं.

राणी 1919 मध्ये रंगूनला परतली. थोरल्या राजकन्येचं मन राजाकडे नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांवर जडलं होतं. त्यांची मुलगी टुटू 1906 ची. ब्रह्मदेशच्या सिंहासनाची ही नात मराठी बोलत, मराठी संसार करत रत्नागिरीतच राहिली आणि 2000 साली तिथेच वारली. यावर भावोजींकडे ‘तिकडचं’ काही नव्हतं. ते जरा वेळ गप्पच होते.

गप्प बसण्याची भरपाई थिबा पॉइंटवर झाली. इथे जिजामाता उद्यान आहे, समोर खाडीवरचा भाट्याचा पूल, पलीकडे माडांची रांग. भावोजींनी बर्कनहेडच्या बागेवर व्याख्यान दिलं. लोकांच्या पैशातून लोकांसाठी केलेली ती बाग 1847 मध्ये उघडली, आणि ती पाहूनच अमेरिकेच्या ओल्मस्टेडला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची दिशा मिळाली. “तिकडे लोक हिरवळीवर उघड्या अंगाने उन्हात पडून असतात,” ते म्हणाले. मेव्हण्याने मे महिन्याच्या दुपारचं जांभ्या दगडाचं बाकडं दाखवलं आणि नम्रपणे म्हणाला, “तुम्ही पडून बघा वायच.”

यात्रा कंपनीचे पुढचे मोठे पाहुणे सावरकर. 1921 मध्ये अंदमानातून हिंदुस्थानात आणल्यावर काही काळ ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. ती कोठडी स्मारक म्हणून जपली आहे. तुरुंग अजून चालू असल्यामुळे आत जायला परवानगी लागते. त्या काळी ती आपोआप मिळे. 1924 मध्ये सुटका झाली ती दोन अटींवर: पाच वर्षं जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही. पाच वर्षांची मुदत वाढत वाढत 1937 पर्यंत गेली. राजकारण बंद म्हटल्यावर सावरकरांनी जातिभेदाला हात घातला. दानशूर भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला आणि 1931 मध्ये सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. भागोजीशेठ रत्नागिरीच्या गरीब भंडारी घरातले, मुंबईत बांधकामाची कंत्राटं घेऊन मोठे झालेले. या सगळ्या यादीत रत्नागिरीसाठी स्वतःच्या खिशातून खर्च करणारा हा एकच माणूस, हे लिहून ठेवायला हवं.

लंडनला हायगेटमध्ये सावरकरांच्या नावाचीही पाटी आहे. टिळकांना आणि सावरकरांना पाट्यांवर विशेषणं तीच लावली आहेत: हिंदी देशभक्त आणि तत्त्वज्ञ. एकदा साचा केला की तो वापरून घ्यायचा, हा साहेबाचा काटकसरी स्वभाव. तिसरं घर किंग हेन्रीज रोडवरचं, विद्यार्थिदशेत बाबासाहेब आंबेडकर जिथे राहिले ते. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते घर विकत घेऊन तिथे स्मारक केलं. शेजाऱ्यांनी तक्रार केली की लोक येतात, गर्दी होते, शांतता भंगते. स्थानिक कौन्सिलने परवानगी नाकारली, आणि शेवटी 2020 मध्ये वरून मंजुरी आली. पाहुणे फार येतात म्हणून कुरकुरणारी माणसं तिकडेही आहेत, हे ऐकून मेव्हण्याच्या बायकोला फार बरं वाटलं.

उरलेली रत्नागिरी साहेबाच्या वशिल्याशिवाय उभी आहे. रत्नदुर्ग घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तीन बाजूंनी समुद्र, वर भगवतीचं देऊळ. मांडवीची वाळू काळी म्हणून तो काळा समुद्र, मिऱ्याच्या बाजूची पांढरी म्हणून तो पांढरा समुद्र. नावं ठेवताना रत्नागिरीकराने डोक्याला फार ताप दिलेला नाही. मांडवीच्या धक्क्यावर एकेकाळी मुंबईच्या बोटीतून आलेली माणसं पडावातून उतरत, आता तिथे भेळ मिळते. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रातलं मत्स्यालय मात्र सवडीने बघावं, तेही एखाद्या कोकणी आजीबरोबर. देवमाशाच्या अगडबंब सांगाड्याकडे भाचीच्या आजींनी ओझरतं पाहिलं आणि त्या काचेच्या टाक्यांकडे वळल्या. पाटीवरचं शास्त्रीय नाव नातीने अडखळत वाचेपर्यंत आजींचा अहवाल तयार असे: “याला काटे फार. हा तळून बरा. आणि हा बाजारात येत नाही हल्ली, इथे येऊन लपलाय होय!”

शेवटच्या दिवशी गाडी राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर गेली. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत ही आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी वर्षानुवर्षं उन्हातान्हात सडे तुडवून अशी शेकडो चित्रं उजेडात आणली. अभ्यासकांच्या अंदाजाने काही चित्रं दहा हजार वर्षांच्या मागची असावीत. कशेळीचा हत्ती जवळजवळ अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात आणखी प्राण्यांची दाटी. कोकणात आज औषधालाही न सापडणारे गेंडेसुद्धा या शिल्पांत आढळतात. भावोजींनी हत्ती फोटोत मावावा म्हणून मागे सरकायला सुरुवात केली. सोंड आली की शेपूट जाई, शेपूट आली की सोंड. सरकता सरकता ते एका करवंदीच्या जाळीत गेले आणि बराच वेळ तिथून नुसता त्यांचा आवाज येत राहिला.

काटे काढून झाल्यावर त्यांनी गुरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला थांबवलं. “आजोबा, हे कोणी काढलं?”

“पांडवांनी.”

“कधी?”

“एका रात्रीत.”

भावोजींनी सड्यावरच्या एका अर्धवट राहिलेल्या रेषेकडे बोट दाखवलं. “मग हे पुरं का नाही केलं?”

म्हाताऱ्याने त्यांना नखशिखांत न्याहाळलं, आणि गुरांना हाकारत म्हणाला, “उजाडलं ना, साहेब!”