काचेचं एकच कौल
मुंबई–मडगाव जनशताब्दीला 2017 साली काचेच्या छपराचा व्हिस्टाडोम डबा लागला. आतली मंडळी मे महिन्याचं ऊन जादा पैसे मोजून डोक्यावर घेतात, आणि तेच ऊन हटवायला एसी धापा टाकतो.

आता शेतघरांनाही तोच सोस. काच ऊन आत घेते, तापलेल्या फरशीची धग मात्र बाहेर सोडत नाही. मग आतून पडदे! अहो, पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घरात आलंच की. अडवायचं तर काचेच्या वर, बाहेरून. जुन्या कौलारू घरात माजघराच्या उजेडाला काचेचं एकच कौल पुरायचं. काचघरवाले शेवटी छतावर हिरवी जाळी आणि झावळ्या टाकतात. मग आत भरदुपारी दिवा लागतो.