लागंल की!

डाळजच्या तात्यांच्या अंगणात ट्रॅक्टरचं जुनं बोनेट आहे, ठिबकच्या फाटक्या नळ्यांची भेंडोळी आहेत, तीन पायांची बाज आहे आणि तिचा चौथा पाय पत्र्याखाली वेगळा जपून ठेवलेला आहे. जोडायचा मात्र नाही. जोडला तर मग जपायचं काय? गावात कुणी काही टाकायला काढलं की तात्यांचा हात पुढे. "आसू दे, लागंल की."

उजनीच्या फुगवट्याकाठी असा एक तात्या गावोगाव सापडतो, आणि त्याला एकदम हसू नये. १९८० साली धरण पुरं झालं. त्या सुमारास इथल्या लोकांनी घरं उतरवली. चौकटी, तुळया, कड्या-कोयंडे गाडीत घालून वर आणले. उरलं ते पाण्यात गेलं. शेजारच्या पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही पाणी हटलं की उन्हाळ्यात वर येतं. तात्यांच्या वडिलांनी तेव्हा आणलेली एक चौकट आजही भिंतीच्या शोधात आहे. असो.

तर यंदा तात्यांना लाभली माशांची काचेची टाकी. हायवेवरचं एक हॉटेल बंद पडलं, त्याच्या दारातली. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, बारा एमएमची काच. फुकट. म्हणजे काचच सव्वाशे किलोच्या घरात, म्हणून छोटा हत्ती आणि चार गडी. लोखंडी स्टँडचे पैसे निराळे. आणि तळाखाली खडा राहिला तर काच तडकते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून थर्माकोल. बाकी फुकटच.

"मासं पाळणार का काय?" काकूंनी विचारलं. "धरण चिलापीनं भरलंय आन् घरात सहा-सातशे लिटर पाणी कोंडायचं?"

हे तात्यांनाही पटलं. मग टाकी ठेवायची कुठं? पडवीत पोरांचं क्रिकेट. माडीवर चढवायची कुणाची छाती नाही. शेवटी गोठ्याच्या आडोशाला ठेवली, तर बोकडाला काचेत दुसरा बोकड दिसला. तो दोन पावलं मागं सरला, मान खाली घातली, आणि निघाला तो थेट. तात्या मध्ये आडवे पडले. मांडी आठवडाभर काळीनिळी होती. काचेवर ओरखडा नाही, हे मात्र ते पाहुण्यांना टाकी पुसून दाखवतात.

उपयोगाचे प्रयोगही झाले. ज्वारी भरून वर फळी टाकली, तर काचेला आतून घाम फुटला आणि दाण्याला वास आला. मग टाकी अंगणात आणून कांद्याचं रोप टाकलं. तळाला भोक नाही, त्यामुळे मुळाशी पाणी साचलं. वरून चैत्राचं ऊन. दोन दुपारींत रोप शिजलं. "ह्याच्यात भाजी तरी करा," काकू म्हणाल्या.

पण शिजलेलं रोप काकूंनी नीट पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तात्या भिगवणला बाजाराला गेले, तेवढ्यात त्यांनी टाकी धुतली, आत स्वच्छ धोतर अंथरलं, त्यावर कुरडया घातल्या आणि वरून मच्छरदाणी ताणून बांधली. ना धूळ, ना चिमण्या, ना शेळीचं तोंड. कुरडया कडकडीत वाळल्या. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोघीजणी सांडग्यांची ताटं घेऊन दारात.

तात्या परतले, बघत राहिले, आणि जमलेल्या बायकांना म्हणाले, "मी म्हनलंच हुतं, लागंल."

काकू काही बोलल्या नाहीत. तात्यांचा चेहरा मात्र उतरलेलाच. वस्तू लागली म्हणजे जपायच्या यादीतून गेली की! रात्री जेवताना त्यांनी हळूच विषय काढला.

"त्यो लोखंडी स्टँड आता मोकळा झाला. त्याला जरा आडोसा बघाया पायजे."