घरच्या संगणकावर इंटरनेट रेडिओ साठवण्याची शास्त्रोक्त पद्धत

इंटरनेटवरून येणारा आवाज घरच्या संगणकावर साठवण्याच्या रीती दोन. एकीत स्पीकरकडे निघालेला आवाज वाटेत अडवतात, दुसरीत प्रसारण आहे तसे फाइलीत उतरवून घेतात. दोन्हींचा अवलंब बहुधा निवृत्त गृहस्थ करतात, आणि तोही बहुधा आकाशवाणीच्या ‘रागम्’ वाहिनीसाठी. ही वाहिनी २०१६पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत देते. ती चोवीस तास देते म्हणून चोवीस तास साठवलेच पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

पहिल्या रीतीला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. मात्र ते उघडताच लाल बटण दाबू नये. दाबल्यास संगणक बहुधा मायक्रोफोनमधून ऐकू लागतो, आणि तोडीच्या आलापात कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला आणि ‘जेवायला येताय की झाकून ठेवू?’ हे सारे स्वच्छ नोंदले जाते. रेडिओपुढे टेपरेकॉर्डर धरून, घरादाराला गप्प बसवून मागच्या पिढीने हेच केले होते. त्या कॅसेटींत गवयाचा आवाज आता घरघरतो. पण मधूनच आलेली आजीची हाक ऐकण्यासाठी त्या अजून लावल्या जातात. असो.

विंडोजवर ऑडॅसिटीत ‘विंडोज वासापी’ हा पर्याय निवडून, रेकॉर्डिंगच्या यादीतला ‘लूपबॅक’ लिहिलेला स्पीकर घ्यावा. मॅकवर त्यासाठी ब्लॅकहोलसारखे आभासी उपकरण आधी बसवतात. लूपबॅकची खोड अशी, की संगणकावर काहीच वाजत नसेल तर नोंदही खोळंबते. आणि जे वाजेल ते सगळे नोंदले जाते, व्हॉट्सॲपच्या ‘टिंग’सकट. सूचना बंद ठेवाव्यात. आवाजाची पातळी लाल रेघेला लागू देऊ नये. संगणकाची झोप सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. मालकाने झोपायला हरकत नाही, टायमर आहे.

दुसरी रीत सोपी, म्हणून अनुभवी मंडळींत तिला प्रतिष्ठा नाही. व्हीएलसीच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स’ सुरू केले की लाल बटण दिसते. प्रसारण व्हीएलसीत लावून ते दाबावे. स्पीकर बंद असला तरी नोंद होते आणि ‘टिंग’ आत शिरत नाही.

सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल तासाला सुमारे ६३५ एमबी होते, १२८ किलोबिटची एमपी३ जेमतेम ५८. प्रसारणच १२८चे असेल तर ३२०मध्ये साठवून फक्त फाइल फुगते, गाणे नव्हे. हे संग्राहकांना समजावण्यात अर्थ नाही. साध्या वेव्ह फाइलीची मर्यादा ४ जीबी, म्हणजे पावणेसात तास.

सर्वात नाजूक काम काटछाटीचे. निवेदिकेचे बोलणे ‘अनावश्यक’ म्हणून कापले जाते, आणि गायक कोण, राग कोणता, हे त्याच बोलण्यात असते. मारवा आणि पूरिया यांचे स्वर तेच, फरक चालीचा. त्यामुळे निवेदन कापलेली एक फाइल दोन जिवलग मित्रांना आयुष्यभर पुरते. निवेदन ठेवावे. फाइलीला गायक, राग, तारीख असे नाव त्याच दिवशी द्यावे. ‘नवीन अंतिम २’ हे नाव कोणत्याही घराण्यात बसत नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचे ५२वे कलम खासगी वापरापुरती सवलत देते. दोनशे जणांच्या गटात फाइल टाकणे हा खासगी वापर नव्हे, गटाचे नाव ‘फक्त जवळचे’ असले तरी.

शेवटची पायरी ऐकण्याची. त्यासाठी फाइलीवर दोनदा क्लिक करावे. इथवर फार थोडे संग्राहक पोचतात. उरलेल्यांना विनंती एवढीच, की दुसरी हार्डडिस्क आणण्याआधी पहिलीतली एक तरी फाइल लावून पाहावी.